शेपूट जड आहे

विमान बांधलंय पण उडत नाही, अशी अडचण आली तर पुण्याजवळच्या पुनावळ्याला विचारावं, हे आता ब्राझील, इंडोनेशिया, पोलंड आणि फिलिपाइन्समधल्या बऱ्याच पोरांना ठाऊक झालंय. आमच्या सोसायटीत मात्र कुणाला याचा पत्ता नाही. इथे शेपूटकाका म्हणजे बाराव्या मजल्यावर राहणारे, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेले आणि स्कूटर पिवळ्या पट्ट्याला काटेकोर समांतर लावणारे गृहस्थ. शेपूटकाका हे नाव पोरांनी ठेवलं. खाली कागदी विमानं उडवणाऱ्या पोरांपाशी थांबून काका एकदा म्हणाले, "शेपूट जड आहे." मग कागद कुठे दुमडायचा ते चिमटीत धरून दाखवलं. विमान सरळ रेषेत गेलं ते चेअरमनसाहेबांच्या चहात. उड्डाणाबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

ब्राझील-पोलंडची पोरं विमानं बांधतात ती एका व्हिडिओ गेममध्ये. त्या खेळाचं नाव सिंपलप्लेन्स. अमेरिकेतल्या जुंड्रू नावाच्या छोट्या कंपनीचा, २०१४-१५ च्या सुमारासचा. त्यात गोळ्या-बाँब आहेत, पण तो जोडधंदा. खरा धंदा म्हणजे ठोकळे, पंख, इंजिनं, चाकं जोडून स्वतःचं विमान बांधायचं, धावपट्टीवर आणायचं आणि थ्रॉटल पुढे ढकलायचा. त्यानंतर जे घडतं ते बहुधा अपघात या सदरात मोडतं. बांधणीच्या पडद्यावर तीन गोळे दिसतात. लाल म्हणजे वजनाचा मध्य, निळा म्हणजे पंखांच्या उचलीचा मध्य, पिवळा म्हणजे इंजिनाच्या जोराचा. लाल गोळा निळ्याच्या जरासा पुढे हवा. संपलं. एवढं साधलं की विमान बऱ्यापैकी उडतं, आणि नेमकं एवढंच पोरांच्या लक्षात राहत नाही. काकांचं सगळं समाजकार्य या विसरभोळेपणावर उभं आहे.

तसा हा माणूस आपल्याकडे नवा नाही. पंगतीत भात कमी पडणार हे आचाऱ्याच्या आधी ओळखणारा, मयताचं सामान रात्री दोनला कुठे मिळतं ते सांगणारा, कुणाचाही ट्रक मागे येत असला की "येऊ द्या, येऊ द्या" करत मध्ये उभा राहणारा. गावात अशा माणसाला मरायला फुरसत नसते. पुनावळ्याच्या टॉवरमध्ये त्याने करायचं काय? इथे नळ गळला की ॲपवरून प्लंबर येतो. लिफ्ट अडकली की कंत्राटवाला येतो. टँकर किती वाजता येणार ते सेक्रेटरी ग्रुपवर टाकतात. शेजारणीच्या विरजणालासुद्धा कुणी दार वाजवत नाही; दही दहा मिनिटांत दारात येतं.

राहायला आले तेव्हा काकांनी प्रयत्न केले. संध्याकाळी अंडरपासपाशी उतरून ट्रॅफिक सोडवायला घेतली. पुनावळ्याचा अंडरपास ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही, आणि ज्यांनी पाहिलाय ते अजून तिथेच आहेत. एका टेम्पोवाल्याने विचारलं, "तुम्ही कोण?" याला काकांकडे उत्तर नव्हतं. मग २०२३ मध्ये इथल्या नियोजित कचरा डेपोविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा काकांना जरा बरे दिवस आले. फलकांचे दांडे एका मापात कापून देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्या डिसेंबरात डेपो रद्द केल्याची घोषणा झाली. सगळ्या पुनावळ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि काका पुन्हा बेकार झाले.

अशात दिवाळीला आलेला भाचा हा खेळ असलेला टॅब विसरून गेला. परत न्यायला आला तेव्हा काका म्हणाले, "थांब, एका पोराचं विमान हवेत आहे."

काकांची मदत करायची पद्धत चाकणची आहे. तिथे पार्ट रिजेक्ट झाला की नुसतं "खराब आहे" म्हणून चालत नाही. व्हाय-व्हाय करावं लागतं. म्हणजे का, मग ते का, मग तेही का, असं पाचदा विचारत मुळापर्यंत जायचं. विमान का पडलं? नाक वर गेलं म्हणून. नाक वर का गेलं? ब्राझीलची पोरं तिसऱ्या 'का'ला पळून जातात. जी टिकतात त्यांना काका रीतसर अहवाल देतात. मेजर एनसी, म्हणजे मोठी नॉन-कन्फॉर्मिटी: वजनाचा मध्य मागे. मायनर एनसी: डाव्या पंखाचा निळा रंग उजव्यापेक्षा फिका. शेवटी, बावीस वर्षं व्हेंडरांना मेल लिहून बोटांत भिनलेलं वाक्य: 'काइंडली डू द नीडफुल.' पोलंडच्या एका पोराने पार्टच्या यादीत 'नीडफुल' बराच वेळ शोधला आणि मग विचारलं, हा पार्ट नव्या अपडेटमध्ये आलाय का?

या क्षेत्रातले दुसरे दोन प्रकारचे मदतनीस काकांना आवडत नाहीत. पहिला प्रकार "मोठं इंजिन लाव" म्हणणाऱ्यांचा. हे लोक प्रत्येक दुखण्यावर इंजिनच देतात. दुसरा प्रकार जास्त घातकी. तो पोराचं विमान खेळाच्या साइटवरून उतरवून घेतो, परस्पर दुरुस्त करतो आणि आपल्या नावाने पुन्हा चढवतो. मूळ विमान कुणाचं ते खेळ आपोआप दाखवतो, त्यामुळे चोरी म्हणता येत नाही. पण काकांच्या मते हे म्हणजे परीक्षेत शेजारच्याचा पेपर आपणच लिहून देणं, वर सहीही आपलीच. काका स्वतः दुसऱ्याच्या विमानाला हात लावत नाहीत. फक्त सांगतात. आता, सांगताना एखादं चाक चुकून सरळ होतं, आरशासारखा डावा-उजवा सारखेपणा येतो, ती गोष्ट वेगळी.

इंडोनेशियातल्या एका पोराचं प्रवासी विमान मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. देखणं होतं. खिडक्या, आत खुर्च्या, खुर्च्यांना पाठी. उडायचंही झकास. पण काही मिनिटांनी, काहीही न करता, शेपटीवर बसल्यासारखं व्हायचं आणि गिरक्या घेत समुद्रात. पोराने पंख वाढवून पाहिले, शेपूट मोठं केलं, मोठ्या इंजिनवाल्यांचंही ऐकलं. विमान आणखी जोरात समुद्रात गेलं. बांधणीच्या पडद्यावर तर तिन्ही गोळे जागच्या जागी. काकांनी ते उडवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. काहीच करेनात. मी म्हटलं, "बघताय काय?" ते म्हणाले, "काटा." इंधनाचा काटा खाली येत होता. निम्म्याच्या खाली गेला, तसं नाक हळूच वर बघायला लागलं.

"टाक्या कुठे ठेवल्यात त्याने?"

सगळ्या नाकात. आत खुर्च्या मांडायच्या म्हणून पोराने इंधन पुढे कोंबलं होतं. टाकी भरलेली असताना लाल गोळा पुढे, सगळं आलबेल. इंधन जळत गेलं की नाक हलकं, लाल गोळा सरकत सरकत निळ्याच्या मागे, आणि मग शेपूट जड. बांधणीच्या पडद्यावर हे दिसणार कसं? तिथे इंधन जळतच नाही. काकांनी लिहिलं: खुर्च्यांच्या दोन रांगा काढ, टाक्या पंखांच्या मध्याशी आण. पोराला खुर्च्या काढवेनात. दोन रात्री वाटाघाटी चालल्या. अखेर एकच रांग गेली आणि टाक्या विमानातल्या फरशीखाली गेल्या. विमान इंधनाच्या शेवटच्या थेंबापर्यंत सरळ उडालं. काका त्या रात्री तिसऱ्या पाळीला गेले ते शीळ घालत.

पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून काका दाखलेही देतात, आणि ते खरे असतात. कुणाचं विमान उजवीकडे वळवताना डावीकडे कलतं, म्हणजे एलेरॉन, पंखांच्या कडेची कल देणारी पाती, उलटी लागलीत. अशा पोराला ते पोर्तुगालची हकीकत सांगतात. २०१८ च्या नोव्हेंबरात एअर अस्तानाचं एक एम्ब्रेयर विमान तिथल्या कारखान्यात दुरुस्त होऊन निघालं आणि वर गेल्यावर वैमानिकांना कळलं की ते सांगू त्याच्या उलट कलतंय. एलेरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकांनी ते आवरत आवरत बेजाच्या धावपट्टीवर तिसऱ्या प्रयत्नात उतरवलं. "तेव्हा लाजू नकोस," काका लिहितात, "तुझ्याकडे निदान रीस्टार्टचं बटण आहे." आणि नाकात नुसतं वजन भरायला ज्याला कमीपणा वाटतो त्याला राइट बंधू. त्यांनीही १९०४ च्या विमानाला पुढे लोखंड बांधलं होतं, कारण शेपूट जड. या वाक्याशी येताना काकांचा चेहरा असा होतो की राइट बंधूंनाही हे यांनीच सांगितलं असावं.

मोबदला? पैसे नाहीत, हे वहिनी रोज सांगतात. आभारही काकांना फारसे रुचत नाहीत. 'थँक्स ब्रो' आलं की ते नाराज होतात. त्यांना हवं असतं ते निदान मान्य केल्याचं पत्र: 'वजनाचा मध्य मागे होता, तुमचं बरोबर होतं.' एवढ्या एका वाक्यासाठी हा माणूस पहाटे साडेतीनला उठून अनोळखी पोराची चाकं मोजेल. 'ब्रो'ला मात्र त्यांची हरकत नाही. खाली वॉचमन साहेब म्हणतो, कारखान्यात सर म्हणतात, घरी अहो. बरोबरीने हाक मारणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालंय, मग ते बारा वर्षांचं का असेना.

एकदा एका जर्मन खेळाडूला ते महिनाभर चाकांवरून धारेवर धरत होते. मुख्य चाकं वजनाच्या मध्याच्या किंचितच मागे हवीत. फार मागे गेली तर धावपट्टी संपते पण नाक उचलत नाही. शेवटी त्या माणसाने नम्रपणे कळवलं की तो विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि लँडिंग गिअर हाच त्याचा विभाग. काका दोन दिवस गप्प होते. जेवण कमी झालं. तिसऱ्या दिवशी उत्तर गेलं: "अभिनंदन. चाकं तरीही फार मागे आहेत."

काकांचं स्वतःचं विमान विचारू नये. ते सुखोई-३० एमकेआय बांधताहेत. २००२ मध्ये ही विमानं लोहगावला हवाई दलात दाखल झाली, आणि चाकणला शिफ्टच्या चहाला बाहेर आलं की कधीमधी त्यांचा आवाज डोक्यावरून जातो, तेव्हापासून ते मनात आहे. सांगाडा झालाय. एक पंख झालाय. दुसरा पंख सुरू करायच्या बेतात फिलिपाइन्सचं कुणीतरी हाक मारतं. मध्यंतरी एका मराठी माणसाने आपल्याच गच्चीवर खरं विमान बांधलं, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांचं सहा आसनी विमान २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. काका टेप घेऊन आमच्या गच्चीवर गेले. सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं की मेंटेनन्स चौरस फुटावर लावायचा की पंखाच्या लांबीवर.

वहिनींची तक्रार वेगळी. जगाच्या शेपट्या सरळ होतात, पण ओट्याखालची ट्रॉली गणपतीपासून अडकली आहे. चॅनेल निसटलाय, ओढली की तिरकी येते. "बघतो" हे उत्तर त्यांना इतक्या वेळा मिळालंय की त्यांनी विचारणं सोडलं. मग एका रविवारी काका बाहेरच्या खोलीत टॅबवर असताना स्वयंपाकघरातून त्यांच्या फोनवर मेसेज आला. ट्रॉलीचे तीन कोनांतून फोटो. खाली: 'ब्रो, माय ट्रॉली टिल्टिंग लेफ्ट. प्लीज हेल्प.'

काका उठले. कुठल्या देशाची आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. व्हर्नियर, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर. ट्रॉली रिकामी करून चॅनेल बसवला आणि परत येऊन अहवाल पाठवला. मेजर एनसी: तेलाचा पाच लिटरचा डबा मागच्या डाव्या कोपऱ्यात. मायनर एनसी: रवा आणि वरईच्या डब्यांची झाकणं अदलाबदल. काइंडली डू द नीडफुल.

वहिनींचं उत्तर आलं, 'थँक्स ब्रो.' काका तसेच बसून राहिले. दोन मिनिटांनी पुन्हा फोन वाजला: 'डबा मागे होता, तुमचं बरोबर होतं.'

हा मेसेज त्यांनी स्टार करून ठेवलाय. बाथरूमचा नळ आणि बाल्कनीचं दार अजून बाकी आहे. ती कामं वहिनी आता ब्राझीलहून पाठवणार आहेत.