लेन्सार्थी

लेन्सार्थी हा हौशी छायाचित्रकारांतला सर्वांत मोठा वर्ग आहे. त्याच्याकडे हप्त्यांवर घेतलेला क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो, त्याच खोक्यातून आलेली १८-५५ ची किट लेन्स असते आणि घरात निदान एक चेहरा असा असतो, ज्याचा ‘एक तरी धड फोटो’ काढायचा राहून गेलेला असतो. हा चेहरा बहुधा मुलीचा किंवा आईचा. बायकोचा असल्याचे तो सांगतो, पण ते खरेदीला मंजुरी मिळेपर्यंत. वयोगट तीस ते पन्नास, वास्तव्य डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठेही. व्यवसाय कोणताही चालतो, मात्र उत्पन्न पगारी हवे. ज्याचे पोट फोटोंवर चालते तो लग्नसराईच्या आधी लेन्स घेऊन मोकळा होतो, आणि ज्याला पैशांची ददात नाही त्याला निवड करावीच लागत नाही. निवडीचे सुख भोगायला खिसा बेताचाच लागतो.

लागण होते ती दुसऱ्याच्या फोटोवरून. चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत कुणीतरी बटूचा फोटो काढलेला असतो. चेहरा लख्ख आणि मागचा मांडव, खुर्च्या, पत्रावळी सगळे विरघळून गेलेले. लेन्सार्थी घरी येऊन तसाच प्रयत्न करतो. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे भोक) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. परिणामी मुलीच्या डोळ्यांइतकीच तिच्या मागची तुळस, दोरीवरचे टॉवेल आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरचा नंबरही स्पष्ट येतो. मुलीला भिंतीपासून दहा पावले पुढे आणून आपण तिच्या जवळ गेलो तर याच लेन्सने मागचे बरेच काही पुसट होते. पण हा उपाय फुकट असल्यामुळे लेन्सार्थीचा त्यावर विश्वास बसत नाही.

यानंतर बजेट ठरते. ते दहा हजार असते. हा आकडा दिवाळीच्या बोनसमधून शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि सासरकडचा आहेर वजा करून काढलेला असतो, आणि तो घरात मोठ्याने सांगितला जातो. मनातला आकडा वेगळा असतो. तो स्वतः लेन्सार्थीलाही दिवाळीपर्यंत नीटसा कळत नाही.

खरे तर प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटलेला असतो. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स बहुतेक मोठ्या कंपन्या बनवतात आणि ती त्यांच्या स्वस्त लेन्सांत मोडते. कॅननने ती ईएफ मालिकेत १९८७ साली आणली, १९९० मध्ये तिची प्लास्टिकच्या माउंटची १३० ग्रॅमची आवृत्ती काढली आणि ती पंचवीस वर्षे विकली. तिच्या अ‍ॅपर्चरला पाती पाचच होती, त्यामुळे अ‍ॅपर्चर जरा लहान केले की दिवाळीतल्या फोटोत चेहऱ्यामागची दिव्यांची माळ पंचकोनी उमटे. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत पाती सात झाली, माउंट धातूचे झाले, वजन १६० ग्रॅमवर गेले. किंमत तरीही दहा हजारांच्या आसपासच राहिली. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ८० मिलिमीटरइतके दृश्य टिपते, म्हणजे पोर्ट्रेटला हवे तेवढेच. बजेटमध्ये बसते, कामाला पुरते, कोणत्याही दुकानात मिळते. अडचण इतकीच, की एका संध्याकाळी मिळालेले उत्तर स्वीकारले तर पुढचे सहा महिने करायचे काय? म्हणून चौकशी चालू राहते.

निकॉनवाल्यांची चौकशी थोडी अधिक न्याय्य मानावी लागते. निकॉनची जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स स्वस्त मिळते, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती फिरवायला बॉडीत मोटर लागते, आणि डी३२०० किंवा डी५३०० सारख्या घरोघरी असलेल्या बॉड्यांत ती नसते. लेन्स बसते, फोटोही निघतो, फोकस मात्र हाताने करावा लागतो. पळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा फोकस हाताने करून पाहिलेला माणूस पुन्हा स्वस्त लेन्सचे नाव काढत नाही. २०११ साली आलेल्या ‘जी’ आवृत्तीत मोटर आत आहे, म्हणून ती महाग आहे. फोर्टातल्या बोरा बाजारात जाणता दुकानदार किमतीआधी ‘साहेब, बॉडी कुठली?’ असे विचारतो, ते यासाठी.

चौकशीच्या काळात लेन्सार्थीला सल्लागार भेटतो. प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच. त्याच्याकडे ७०-२०० एफ २.८ असते आणि तिचा पांढरा किंवा काळा नळा तो सहलीला गळ्यात घालून येतो. त्याचे म्हणणे एकच: “अरे, घ्यायचीच तर एकदाच चांगली घे.” या वाक्याने मराठी मध्यमवर्गाची जितकी कर्जे काढवली आहेत, तितकी कुठल्याही बँकेच्या जाहिरातीने काढवली नसतील. त्यानुसार ५० बाजूला पडते आणि ८५ मिलिमीटर एफ १.८ येते. किंमत तिपटीच्या पुढे. मग ८५ च बघायची तर एफ १.४ का नको, असा विचार येतो. एफ १.४ मध्ये १.८ पेक्षा साधारण दीडपटीहून थोडा अधिक प्रकाश शिरतो. त्यासाठी पुढचे भोक ४७ मिलिमीटरऐवजी ६१ मिलिमीटरचे करावे लागते, काच मोठी आणि जड होते, ती घासून बिनचूक करण्याचा खर्च वाढतो आणि नामांकित कंपनीची असेल तर किंमत लाखाच्या घरात जाते. शेवटी कुणीतरी म्हणतो की एवढ्या पैशांत बॉडीच बदल, फुल फ्रेम घे. अशा रीतीने दहा हजारांची चौकशी दीड लाखावर पोहोचते आणि या सर्व काळात घरातून एक रुपयाही बाहेर गेलेला नसतो. बचतीचा हा मार्ग अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही.

८५ चा निर्णय पुष्कळदा पैशांवर अडत नाही, हॉलवर अडतो. क्रॉप सेन्सरवर ८५ ने माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत टिपायचा तर सुमारे साडेतीन मीटर मागे जावे लागते. ५० ने दोन मीटर पुरतात. दहा बाय बाराच्या हॉलची लांब बाजू साडेतीन मीटरहून जेमतेम जास्त. त्यात सोफा आहे, टीव्हीचे युनिट आहे, आणि फोटो काढून घेणाऱ्यालाही कुठेतरी उभे राहायचे असते. लेन्सार्थी टेप लावून हे मोजतो. स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकवून, दार उघडे ठेवून, आई खिडकीशी बसली तर जमते असे त्याच्या ध्यानात येते. ओट्यावर त्या वेळी कुकर नसावा, ही अट घरातून घातली जाते.

मागे जाण्याचा एक फायदा मात्र खरा आहे. चेहऱ्याची ठेवण लेन्सवर ठरत नाही, अंतरावर ठरते. हातभर अंतरावरून काढले की नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याला बरेच जवळ असते, म्हणून ते मोठे दिसते; दोन मीटरवरून हा फरक नगण्य होतो. लांब फोकल लेंग्थ चेहऱ्याला उठाव देते असे जे म्हणतात, ते तिने माणसाला मागे ढकलल्यामुळे. लेन्सार्थीला हे पाठ असते. तरीही मावशीने “माझं नाक असं का आलंय?” असे विचारले की तो किट लेन्सकडे बोट दाखवतो.

याच सुमारास काही लेन्सार्थी जुन्या वस्तूंकडे वळतात. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर येणारी सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ त्यांना भुरळ घालते. ५८ मिलिमीटर, एफ २, जर्मन बायोटारवरून बेतलेली, फोकस हाताने. तिच्यातून पाहिले की मागची झाडे गोल फिरल्यासारखी दिसतात. अशीच भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी व्हिएन्नाचे गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांच्या १८४० च्या पोर्ट्रेट लेन्समध्येही येई. त्यांनी ती चेहऱ्यांसाठी पुरेसा प्रकाश आत यावा म्हणून आखली होती. कडांचा तो दोष आज ‘कॅरेक्टर’ म्हणून वेगळे पैसे लावून विकला जातो.

सेकंडहँड बाजारात गंभीर लेन्सार्थी टॉर्च घेऊन जातो. पेटीतला हापूस नाकाशी नेणाऱ्याच्या गांभीर्याने तो लेन्स डोळ्यांशी नेतो आणि आतून उजेड सोडून बुरशीचे जाळे शोधतो. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला फंगस सहज लागते आणि फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते. म्हणून जाणते लोक लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतात. डबा बहुधा फराळाचा असतो, आणि तो परत कधी मिळणार यावरून घरात विचारणा होत राहते. विकणाऱ्याची भाषा ठरलेली: ‘फक्त घरगुती वापर’, ‘खोक्यासकट’, ‘अपग्रेड करायचं आहे म्हणून’. तिसरे कारण बव्हंशी खरे असते. विकणाराही लेन्सार्थीच असतो.

चौकशीच्या रिकाम्या वेळात तो थोरांचे काम बघतो. गौतम राजाध्यक्षांचे ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ साली आले. ते चाळताना उजेड चेहऱ्यावर कुठल्या बाजूने पडला आहे, गालावर सावली कुठे विरली आहे हे दिसावे, अशी अपेक्षा. लेन्सार्थी मात्र लेन्स कोणती असेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज नेहमी बजेटबाहेरचा निघतो.

अखेरीस एखाद्या दसऱ्याला तो ५० मिलिमीटर एफ १.८ विकत घेतो. पहिले दोन महिने सगळे फोटो १.८ वरच निघतात, कारण पैसे त्याचे दिलेले असतात. क्रॉप सेन्सरवर एक मीटर अंतरावरून १.८ वर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. चेहरा किंचित वळलेला असेल तर एक डोळा त्या पट्ट्यात आणि दुसरा बाहेर. आई फोटो बघून विचारते, “माझा हा डोळा का रे गेला?” भाचा खिशातून मोबाइल काढतो. आयफोन ७ प्लसमध्ये २०१६ साली पोर्ट्रेट मोड आला तेव्हापासून पार्श्वभूमी हिशेबाने पुसट करण्याची सोय फोनांतच झाली. त्यात चष्म्याची दांडी कधीकधी अर्धी गायब होते, पण डोळे दोन्ही शाबूत राहतात आणि सुरकुत्या कमी दिसतात. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका भाच्याकडे रांग लावतात.

टिकून राहिलेला लेन्सार्थी यानंतर अ‍ॅपर्चर २.८ किंवा ४ वर आणतो, आईला खिडकीशी बसवतो, घरातले दिवे बंद करतो, आणि त्याचे फोटो एकदम सुधारतात. हे श्रेय तो लेन्सला देतो. वर्षभराने ती खोक्यासकट विकून ८५ ची चौकशी सुरू होते. किट लेन्स मात्र कुणी विकत घेत नाही, तिला सेकंडहँड बाजारात भाव नसतो. त्यामुळे ती घरातच राहते, आणि गणपतीत जमलेल्या बावीस माणसांचा एकत्र फोटो हॉलमध्ये काढायची वेळ आली की ५० किंवा ८५ पिशवीत ठेवून १८ वर तिनेच काढला जातो.