रिपेची कैफियत

घर फिरलं की घराचे वासे फिरतात. आढ्याचं पाणी वळचणीलाच जातं. म्हणजे वाशाची सोय झाली, आढ्याची झाली, वळचणीचीही झाली. रिपेला मात्र कुणी म्हणीतसुद्धा घेतलं नाही. वास्तविक कोकणातलं घर उभं राहतं भिंतींवर, पण कोरडं राहतं रिपेवर.

1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू कुंभाराच्या नळ्यांची जागा चपट्या मंगलोरी कौलांनी घेतली. या कौलाला पाठीमागे नाक असतं. ते वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपेत अडकवायचं. दोन रिपांत अंतर फुटाहून किंचित जास्त. खालच्या ओळीत गव्हाएवढं चुकलं, तर आढ्यापाशी कौल एकतर पुरत नाही, नाहीतर मावत नाही.

आमचे सुतारकाका टेप वापरत नाहीत. मापाचा एक लाकडी तुकडा दोन रिपांमध्ये ठेवायचा, खिळा ठोकायचा, पुढे सरकायचं. त्याआधी प्रत्येक रीप डोळ्याला लावून, एक डोळा मिटून ते असा नेम धरतात की समोरचा माणूस नकळत बाजूला होतो. मी एकदा म्हटलं, "काका, ही वाकडी दिसते." रीप खाली न घेता ते म्हणाले, "रीप सरळ आसा. तुमच्या आजोबांचो वासो वाकडो आसा." आजोबा हयात नसल्यामुळे वाद तिथेच मिटला.

पोफळीची असो की ऐनाची, रीप कधीतरी दगा देतेच. वाळवी निदान गुपचूप खाते. भुंगा भोक पाडतो आणि भुसा नेमका आमटीत सोडतो. वर वांदर नाचतात ते वेगळंच.

शेवटी आम्ही लोखंडी पाइप टाकले. उतरवलेल्या रिपा बाबांनी पडवीत रचल्या. "लागतात." आणि खरंच लागतात: दाराला अडसर, कपड्यांच्या दोरीला टेकू, पोरांना स्टंप. या चतुर्थीला गणपतीच्या माटवीसाठी चार रिपा हव्या होत्या. बाबांनी ढिगातली एकेक उचलून निरखली, वरचा भुसा फुंकला आणि परत ठेवली.

"ह्या चांगल्या आहेत. शेजारी विचार, त्यांच्याकडे असतील."