घरगुतीच करायचंय

(स्थळ : डोंबिवलीतला एक दिवाणखाना. सुनेला सातवा महिना लागलाय, त्यामुळे घरात सर्वांत जास्त धाप सासूबाईंना लागते. टीपॉयवर आहेराची जुनी वही. समोर केटरर. होणारे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त. वर्तमानपत्राआडून बाहेर येतात ते बहुधा एखादं साल सांगायला.)

होणारी आजी : हे बघा, डोहाळजेवणाचा फार गाजावाजा नाही करायचा. घरगुतीच. चाळीसेक माणसं.

केटरर : जागा घरचीच ना?

आजी : छे, हॉल घेतलाय. एसी. दहा ते तीन.

केटरर : (लिहीत) घरगुती... एसी हॉल.

आजी : 40 म्हणजे नुसते घरचे हं. सोसायटीला बोलवावंच लागेल, लिफ्टमध्ये रोज तोंडं दिसतात. ते 90 धरा.

आजोबा : अगं, लिफ्टमध्ये दिसतात म्हणून जेवायला?

आजी : आणि तुमचे ऑफिसातले 45? त्यातले निम्मे आता तुम्हाला ओळखतही नाहीत.

आजोबा : पण येतील. पेन्शनर जेवणाला गैरहजर राहत नाही.

आजी : भजनी मंडळ 30. सूनबाईच्या लेडीज डब्यातल्या 25. त्यांनी चौथ्या महिन्यापासून तिला खिडकी सोडलीय हो! डोंबिवलीच्या बाईनं सकाळच्या लोकलची खिडकी सोडणं म्हणजे हातातली पाटली काढून देणं. विहीणबाई 50 म्हणाल्यात, म्हणजे 60. आणि वहीतले उरलेले 20. त्यांच्याकडे आपण जेवून आलोय.

केटरर : 310. काकू, घरगुती म्हटलं की मी मनात तिप्पट धरतो. तुम्ही माझ्याही पुढे निघालात. बरं, जेवायला काय?

आजी : साधंच. पंचपक्वान्नं, पाच भाज्या, पाच भात. साखरभात, नारळीभात, मसालेभात, चित्रान्न, दहीभात. आमच्या घरची रीतच आहे.

केटरर : रीत पडली तेव्हा पंगतीला माणसं किती होती?

आजी : सासूबाई सांगायच्या, अकरा बायका.

केटरर : एका किलो तांदळात मसालेभात धरला तर बाराएक माणसं होतात. म्हणजे 310 जणांना 26 किलो. पाच भात ठेवले म्हणून प्रत्येकाचा पाचवा हिस्सा शिजवून भागत नाही, काकू. बुफेत माणूस सगळे भात वाढून घेतो, दोन खातो आणि तीन टाकतो. दोनच ठेवू. पुऱ्या माणशी चार, म्हणजे 1240. कणिक 25 किलो.

आजी : आणि श्रीखंड?

केटरर : माणशी सव्वाशे ग्रॅम. जवळजवळ 39 किलो. चक्का 20 आणि साखर 20.

आजोबा : वीस किलो साखर?

केटरर : ही फक्त श्रीखंडाची, काका. जिलबीची पुढे आहे.

आजी : तुम्ही पेपर वाचा. डेकोरेशनवाल्यानं झोपाळा, चंद्रकोर, नाव आणि धनुष्यबाण असं पॅकेज दिलंय. शिवाय फुलांचे बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट.

केटरर : तो डेकोरेशनवाला आमचाच मेव्हणा. पण ओट्या किती जणी भरणार, ते आत्ताच ठरवा. माझं जेवण तिथे अडकतं.

आजी : सगळ्याच. कुणाला नाही कसं म्हणायचं?

केटरर : (पेन काढून) 310 मधल्या बायका निम्म्या धरू, 155. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, वर नाव घ्यायचा आग्रह आणि फोटो. एकीला दोन मिनिटं. झाली 310 मिनिटं. म्हणजे पाच तास दहा मिनिटं. तुमचा हॉल पाच तासांचा. लोकांनी जेवायचं कुठे, जिन्यात?

आजोबा : आणि तांदूळ? एका मुठीत पन्नास ग्रॅम तरी येतात. 155 मुठी म्हणजे पावणेआठ किलो. डॉक्टरांनी तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही पदरात धान्याचं गोदाम बांधणार.

केटरर : चंद्रकोरीला तेवढं वजन पेलतं का, मेव्हण्याला विचारावं लागेल.

आजी : बरं बाई, पाचच जणी. शास्त्रालाही पाचच लागतात. पण पाच कोण? तुमची धाकटी बहीण घेतली तर मोठी रुसणार. मोठी घेतली तर माझ्या तिन्ही जावा एकत्र येणार, एरवी ज्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. 310 माणसं बोलवणं सोपं आहे हो, पाच निवडायच्या म्हटलं की घर फुटतं.

(सून येते. हातात लॅबचा लिफाफा. कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐसपैस बसते.)

सून : पहिली ओटी माझी आजी भरेल. उरलेल्या चार तुम्ही निवडा.

(आजोबांचं वर्तमानपत्र खाली येतं. सुनेच्या आजीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.)

आजी : अगं, पण त्या... लोक काय म्हणतील?

आजोबा : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 सालीच विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. डोंबिवलीनं किती दिवस मागे राहायचं?

केटरर : काकू, आजींना पहिला मान दिलात तर नणंदा आणि जावा, कुणाला बोलायलाच जागा उरत नाही. आजींशी भांडणार कोण?

आजी : (क्षणभर विचार करून) हे मला आधी सुचायला हवं होतं. चला, आजी पहिल्या. आता पेढा-बर्फीच्या वाट्या. झाकण चांदीचं हवं.

केटरर : वाट्या माझ्याकडे आहेत. आत काय ठेवू, ते एकदा स्पष्ट सांगा. पेढा मुलगा, बर्फी मुलगी. गेल्या वर्षी एका सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन दोन्ही वाट्यांत पेढे ठेवायला लावले.

आजी : मग?

केटरर : मुलगी झाली. बारशाची ऑर्डरही मलाच मिळाली. जिलबी होती.

आजोबा : गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला 1988 साली, देशात आला 1994 साली. आणि इथे भर हॉलमध्ये चांदीच्या झाकणाखाली तेच चाललंय!

आजी : अहो, गंमत असते ती. त्यात कुठे सोनोग्राफी आहे?

सून : आई, दोन्ही वाट्यांत काकडी ठेवा. (लिफाफा पुढे करते.) साखरेची तपासणी झाली. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं होतं, दोन तासांनी रक्त घेतलं. 140 च्या आत हवी होती, 163 आली.

आजी : म्हणजे?

सून : गरोदरपणातला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं नाही. पण गोड बंद, भात मोजून, प्रत्येक जेवणानंतर चालायचं. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, एवढं चालेल.

(आजींचा हात नकळत सुनेच्या पाठीवर जातो. दुसरा वहीवर असतोच.)

आजी : काळजी करू नकोस हो. तू घरात येण्याआधीपासून मी ह्यांची साखर सांभाळतेय. उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला चल. (थांबून) पण त्या एका दिवशी चमचाभर श्रीखंड...

सून : नाही.

आजी : बोट लावून?

सून : आई!

आजोबा : पंच्याहत्तर ग्रॅमनं तिची ही अवस्था झाली आणि केटररच्या वहीत वीस किलो लिहिलेत.

केटरर : काका, अशी ताटं मी हल्ली नेहमी बांधतो. उत्सवमूर्तीचं वेगळं : दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, मेथी, कोशिंबीर, ताक. फोटोपुरतं पंचपक्वान्नांचं ताट समोर ठेवायचं आणि फोटो झाला की उचलायचं.

सून : आणि मला मुकुट घालून पाच तास झोपाळ्यावर बसवायचं नाही. अकरा ते साडेबारा येते. पाच ओट्या, एक फोटो, माझं जेवण. नंतर घरी जाऊन झोपणार. सातव्या महिन्यात मला डोहाळे लागलेत ते फक्त झोपेचे.

आजी : आणि आलेली माणसं? त्यांनी कुणाकडे बघायचं?

सून : श्रीखंडाकडे.

केटरर : मग काकू, श्रीखंड कमी करू? जिलबी काढून टाकू?

आजी : अजिबात नाही! त्या 310 जणांची साखर कुणी तपासलीय? वहीत बघा, ह्या भजनी मंडळातल्या बाईंच्या सुनेच्या वेळी पाच गोड पदार्थ होते. आपण चारवर कसे येणार?

केटरर : ठीक. ताटं किती लिहू? उत्सवमूर्तीचं वेगळं आहे, म्हणजे 310 अधिक एक?

आजी : ती घरच्या चाळिसांत धरलीय का, बघू... (वही उलटसुलट चाळते.) अय्या. तिचं नावच नाही.

केटरर : मग 311. निम्मे पैसे आज, उरलेले त्या दिवशी जेवणाआधी. गॅरंटी 311 ची. कमी माणसं आली तरी पैसे पूर्ण लागतील. आणि काकू, उरलेलं श्रीखंड मी परत घेत नाही, डबे तुमचे तुम्ही आणा.