सहा बाय नऊ

आमची गाडी मारुती आठशे, 1998 ची, म्हणजे कार्बोरेटरवाली. सहा वर्षांपूर्वी शिरपूरच्या एका हौशी पोराकडून घेतली. त्या पोरानं तिच्यावर एवढा जीव लावला होता की तिच्यात मारुतीचं नक्की काय उरलंय हे शोधावं लागे. रुंद टायर, बकेट सीट, जाळीत निळे दिवे आणि मागे स्पॉयलर. वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून स्पॉयलर लावतात म्हणे. आमची 796 सीसीची बाई जमीन सोडते ती फक्त खड्ड्यात, आणि तिथे स्पॉयलर काही करू शकत नाही.

2023 च्या पासिंगला यातलं बरंचसं उतरवावं लागलं. कंपनीनं गाडी जशी बनवली तशीच ठेवा, असं 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगून ठेवलंय. निळे दिवे गेले, टायर बदलले, स्पॉयलर खळ्यात कोंबड्यांच्या डालग्यावर पडला. मग एक दिवस आरसी बुक चाळताना लक्षात आलं की त्यात रंग आहे, इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे. स्पीकरचा रकाना नाही. हौसेला एवढी एकच वाट मोकळी होती. तिच्यात मी घुसलो.

निमित्त मात्र आईचं. अडावदला लग्नाला निघालो होतो, मी गाणं लावलं. आई मागून म्हणाली, "गाडी गाई ऱ्हायनी का रडी ऱ्हायनी रे भाऊ?"

चोपड्याच्या बसस्टँडकडच्या एका दुकानात गाडी नेली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक त्यांची किती आणि माझी किती याचा हिशेब अजून लागलेला नाही. तिथल्या पोरानं मागचा जुना स्पीकर बाहेर काढला. कागदाचा कोन उंदरांनी खाल्लेला. खळ्यात गाडी उभी राहिली की असंच होणार. मधली गुंडाळी आणि चुंबक तेवढे शाबूत. राइस आणि केलॉग नावाच्या दोन अमेरिकी इंजिनिअरांनी 1925 मध्ये जो स्पीकर मांडला, त्यातही चुंबक, गुंडाळी आणि कोनच होता. शंभर वर्षांत स्पीकर तोच राहिलाय, फक्त डब्यावरचे आकडे वाढलेत.

आकड्यांचंच बघा. नव्या डब्यावर लिहिलं होतं 500 वॅट. आमच्या घरची पाण्याची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, म्हणजे पावणेचारशे वॅटची, आणि ती दुसऱ्या मजल्यावरची टाकी भरते. मी म्हटलं, "भाऊ, हा स्पीकर टाकी भरेल का?" पोरगा गंभीरपणे म्हणाला, "सर, हे पीक आहे. आरएमएस बघायचं." पीक म्हणजे क्षणभराची उडी आणि आरएमएस म्हणजे रोजची चाल. बारा व्होल्टच्या बॅटरीवर नुसता डेक एका स्पीकरला जेमतेम वीसेक वॅट देतो, मग त्याच्या तोंडावर चार गुणिले पन्नास असं कितीही ठसठशीत लिहा. आमच्याकडे मुलगी दाखवताना शेती सांगतात तसंच हे: चाळीस बिघे, त्यातले पाण्याखाली किती ते नंतर.

दुसरी गोष्ट तो सांगत नव्हता, ती मीच सांगितली, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो, तेही कान देऊन ऐकलं तर कळतं. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सर, अ‍ॅम्प टाकावाच लागेल." विज्ञान शिकवल्याचा हा असा फायदा होतो.

वूफर मात्र बसेना. डिकीत गॅसचं सिलिंडर. "गॅसकिट काढा, बेस येईल," असा सल्ला मिळाला. पेट्रोल शंभरीपार गेलेलं असताना बेससाठी गॅस काढणारा माणूस चोपड्यात अजून जन्माला यायचाय. सीटखाली चपटा वूफर बसतो, पण शिरपूरच्या पोरानं बकेट सीट इतकं खाली बसवलंय की त्याखाली वहीसुद्धा जात नाही. शेवटी पार्सल ट्रेवर सहा बाय नऊ इंची दोन ओव्हल, पुढच्या दारांत आधीच्याच भोकांत नवे गोल स्पीकर आणि चार चॅनेलचा अ‍ॅम्प. 14,500 रुपये. घरी 8,000 सांगितले.

पहिल्या दिवशी आवाज मोठा आला, पण पोकळ. ढोलकी वाजतेय की कुणी पुठ्ठा झोडपतंय ते कळेना. परत गेलो. पोरानं खिशातून पेन्सिल सेल काढला आणि स्पीकरच्या वायरीला टेकवला. डावा कोन टपकन पुढे आला. उजव्याला टेकवला, तो आत गेला. प्लस-मायनस उलटं लागलं होतं. एक हवा ढकलतोय, दुसरा तीच हवा ओढतोय. जाड सूर दोघांच्या भांडणात मधल्यामधे संपत होते. भाऊबंदकीचं एवढं स्वच्छ प्रात्यक्षिक मी वर्गातही दाखवलेलं नाही. वायर फिरवली, ढोलकी परत आली.

मग शिट्टी. गाणं सुरू असताना रेस दिली की मागून बारीक "ऊंऽऽ" चढायचा, रेस सोडली की उतरायचा. बॅटरीची जाड वायर आणि गाण्याची बारीक वायर एकाच बाजूनं नेली की अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरतो. दुसरी वायर दुसऱ्या बाजूनं घेतली, अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात चार जणांनी विचारलं, "सर, कितला पैसा लागनात?" प्रत्येकाला मी वेगळा आकडा सांगितला.

डिसेंबरात मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. तुराट्यांच्या आगीत वांगी भाजत होती, कळण्याची भाकरी थापणं चालू होतं. मंडळी म्हणाली, "सर, लावा की." मी गाडी बांधावर घेतली, चारही दारं उघडली. लागलं ते झुमक्याचं अहिराणी गाणं, खानदेशात पाच माणसं जमली की ते लागतंच. आणि खरं सांगतो, वाजलं. केळीच्या पानांवरून आवाज परत येत होता. शेजारच्या शेतातला रखवालदार पाणी सोडून बघायला आला. बैल मात्र उठून पलीकडे जाऊन बसले. त्यांचं मत मी तेव्हा विचारात घेतलं नाही.

साडेनऊला भरीत पानात पडलं. दहा वाजता आवाज बसका झाला. गाणारीला आधी सर्दी झाली, मग झोप आली. मी ऐटीत म्हटलं, "दहा वाजले, कायद्यानं बंदच करायला पाहिजे." कायदा खराच आहे, 2000 सालचा, रात्री दहा ते सकाळी सहा. पण बंद मी केलं नव्हतं. 35 एएचच्या बॅटरीवर इंजिन बंद ठेवून दोन-अडीच तास अ‍ॅम्प चालवला होता. चावी फिरवली तर स्टार्टर "कट" एवढंच म्हणाला. "धक्का मारना पडी," कुणीतरी अंधारातून जाहीर केलं. पोटभर भरीत खाल्लेली अकरा माणसं, नांगरलेलं रान आणि आठशे. प्रत्येक धक्क्यागणिक मागून कुठल्या कुठल्या आवाजात दाद येत होती ते लिहिण्यासारखं नाही.

या प्रकारानंतर मी गाणी हळू लावायला लागलो, आणि इथून खरा त्रास सुरू झाला. हळू लावलं की गाडी ऐकू यायची. डॅशबोर्ड करकरतोय, काच थरथरतेय, आणि डाव्या पुढच्या दारात "खट-खुळ्ळ, खट-खुळ्ळ". हा आवाज सहा वर्षं होताच. जुन्या स्पीकरच्या घोगरेपणात तो बेमालूम मिसळून जायचा, मला तर तो तबल्याचाच भाग वाटायचा. आता गाणं स्वच्छ आणि त्यावर हे खुळखुळं. जळगावला जाताना विदगावच्या पुलापर्यंत मी गाणं ऐकत नव्हतो, दार ऐकत होतो.

पोरगा म्हणाला, "सर, दार बुजवावं लागेल." स्पीकरच्या पुढून आवाज निघतो तसाच मागूनही निघतो. दाराला आतून भोकं असली की मागचा आवाज फिरून पुढे येतो आणि पुढच्याला खातो. म्हणून पत्र्याला आतून डांबरासारखी चिकट शीट लावायची आणि भोकं बंद करायची. पत्र्याचा टणत्कारही त्यानं मरतो. "उन्हाळ्यात स्वस्तातली शीट सुटते," हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पंचेचाळीस डिग्रीला इथं माणूस सुटतो, डिंकाचं काय घेऊन बसलात. महागातली घेतली, 2,200.

दाराचं पॅड उघडलं. आत वाळलेला चिखल, भुईमुगाची टरफलं, एका लग्नपत्रिकेचा गणपतीचा कोपरा, निळ्या दिव्याचा एक सुटा बल्ब आणि तळाशी, पाणी जायच्या भोकाशेजारी, एक पितळी किल्ली. गंजलेल्या कडीत अडकवलेली, कडीला छोटा घुंगरू. पोरानं ती उचलून हलवली. खट-खुळ्ळ. सहा वर्षांचा तबला त्याच्या दोन बोटांत होता.

शिरपूरला फोन लावला. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, आजीच्या कपाटाची आहे ती. कपाट शेवटी कटरनं कापलं होतं, आणि किल्लीचा आळ आला होता कामवालीवर.

शीट लावली, पॅड बसलं. रविवारी आमच्या आप्पांना डॉक्टरकडे घेऊन निघालो. ऐटीत गाणं लावलं, जुनं, त्यांच्या आवडीचं. धानोरा गेलं तरी आप्पा काही बोलेनात. मी विचारलं, "कसं वाटतंय?" आप्पांनी दाराला पंजा टेकवून पाहिला, जसा गुरांच्या पाठीवर टेकवतात.

"चांगलं काम करं," ते म्हणाले. "आते गाडी बोलस नही."

एकूण खर्च 16,700, त्यातला आप्पांना कळलेला 2,200 चा. किल्ली शिरपूरला पोचती केली. घुंगरू त्या पोरानं मला परत दिला, तो सध्या घरीच ठेवलाय, गाडीपासून लांब.