तात्या वाइनरीत जातात

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या प्रत्येक गावात निदान एक तात्या असतात. काही गावांत त्यांना अप्पा म्हणतात, काही ठिकाणी नाना, पण माल तोच. घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठाला ऊस, न्हावऱ्याच्या नाहीतर पाटसच्या कारखान्याचा शेअर, दारात पांढरी गाडी आणि हिंजवडीला मुलगा. एका रविवारी हा मुलगा, किंवा त्याहून धोकादायक म्हणजे जावई, म्हणतो, "तात्या, चला, आज तुम्हाला वाइनरी दाखवतो." तात्या आधी नाही म्हणतात, मग इस्त्रीचे कपडे मागतात. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या भेटीत वाइनरीकडून सगळ्यात जास्त वसूल करण्याची पात्रता महाराष्ट्रात कोणाकडे असेल तर ती या माणसाकडे. आणि सगळ्यात कमी वसूल करून परत येतो तोही हाच. कारण देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं सगळं शहाणपण तो वाइनरीच्या फाटकाबाहेर काढून ठेवतो.

वाइनरीसाठी त्यांना नाशिकला जावं लागतं असंही नाही. पुणे जिल्ह्याला हा धंदा नवा नाही; नारायणगावला शामराव चौगुल्यांनी शाम्पेनच्या धर्तीवरची फसफसणारी वाइन 1980च्या दशकातच काढली होती आणि ती परदेशातही विकली. पाटस सोडून बारामतीच्या वाटेला लागलं की रोटी गावच्या हद्दीत फोर सीझन्सची वाइनरी आहे. ती उभी केली विजय मल्ल्यांच्या उद्योगसमूहाने, पुढे ती ग्रोव्हर झांपाकडे गेली. इमारत युरोपातल्या एखाद्या सरदाराच्या गढीसारखी. ऐन माळरानावर ती पाहिली की तात्यांचा पहिला प्रश्न असतो, "बांधायला किती गेले असतील?" प्रश्न वाईट नाही. पण प्रश्नांचा ओघ इथेच आटतो. आत हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलगी इंग्रजीमिश्रित मराठीत बोलू लागते, आणि बाजार समितीत आडत्याला घाम फोडणारे तात्या शाळा तपासणीला आलेल्या साहेबासमोर बसल्यासारखे हातांची घडी घालतात.

मग टेस्टिंग. साधारण पाच वाइन, प्रत्येकीचे तीसेक मिलिलिटर, आधी पांढऱ्या, मग लाल, गोड असेल ती शेवटी. सगळे मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर. शेजारी एक भांडं असतं. चव घेऊन झाली की घोट त्यात थुंकायचा. तात्यांच्या आयुष्यातला हा विलक्षण क्षण आहे. ज्या माणसाने एस. टी. स्टँडचे कोपरे, चालत्या गाडीची खिडकी आणि सरकारी कचेरीचा जिना कधी सोडला नाही, त्याला थुंकायची रीतसर परवानगी मिळते, तीही पैसे भरून, आणि नेमका तिथेच तो गिळतो. "पैसे दिलेत, थुंकायचं काय म्हणून?" हिशेब वरकरणी चोख आहे. पण तिसऱ्या ग्लासानंतर जीभ आणि नाक दोन्ही कामावरून उठतात, म्हणजे उरलेल्या दोन वाइनचे पैसे पाण्यात. गाडी जर तात्याच चालवणार असतील, तर पाटसचा टोलनाका गाठण्याआधी हा हिशेब आणखी महाग पडू शकतो. भरलेले पैसे चवीचे असतात, मापाचे नव्हे. मापाला दुसरी दुकानं आहेत आणि ती तात्यांना माहीत आहेत.

आता तात्यांनी बाहेर काय काढून ठेवलं ते पाहू. केडगाव, यवत, खुटबाव या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. तिथला गुळव्या उकळत्या रसात भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळतो आणि ती कढईच्या काठावर आपटून आवाजावरून ठरवतो की कढई उतरवायची की आणखी दोन मिनिटं थांबायचं. तात्या अशा माणसांत वाढले. गुळाचा खडा जिभेवर ठेवून रसायन जास्त पडलं का ते ते सांगतात. कांदा हातात घेऊन टिकेल का ते सांगतात. कारखान्याचा माणूस फडात येऊन रिफ्रॅक्टोमीटरवर उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतो तेव्हा ते त्याच्या खांद्यावरून डोकावतात. तेच यंत्र, तोच ब्रिक्स वाइनच्या द्राक्षाला लागतो. बावीस-चोवीसच्या आसपास आला की तोडणी. यीस्टने ती साखर खाल्ली की तिचा अल्कोहोल होतो, म्हणून जितका ब्रिक्स तितकी वाइन कडक. इथे तात्यांनी फक्त विचारायचं होतं, "मॅडम, यंदा तोडणीला ब्रिक्स किती आला होता?" ती मुलगी हातातलं पाठ केलेलं भाषण खाली ठेवून आतून वाइनमेकरला बोलावून आणते. हे जगातल्या कुठल्याही वाइनरीत होईल.

बागेतही तेच. युरोपातली वेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी अशी दोनदा कात्री लावून पीक मात्र एकदाच घ्यायचं. ज्याच्या पाहुण्यात एक तरी द्राक्ष बागायतदार आहे त्याला हे सांगावं लागत नाही. वाइनचं द्राक्ष थॉम्पसनसारखं लांबट नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. तात्या एक मणी तोंडात टाकून "ह्यात खायला काय हाय?" म्हणतात आणि पुढे सरकतात. वास्तविक लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतूनच येतो. मणी फुगवलेला नसणं हेच त्याचं भांडवल. शक्य असेल तर पहिली भेट जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी चालू असताना द्यावी. एरवी दाखवायला चकचकीत टाक्या असतात आणि त्यांत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

यावर मुलाचा आक्षेप असा की वाइनची भाषाच वेगळी आहे, पेरू, ढोबळी मिरची, ओल्या मातीचा वास वगैरे, ती गुळाच्या अनुभवावर कशी चालेल? उलट बाजूने गावातल्या थट्टेखोरांचा आक्षेप की ती सगळी थापेबाजी आहे. दोघेही अर्धे बरोबर आहेत. ढोबळी मिरचीला जो वास आहे तो ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य सोव्हिन्याँ ब्लांच्या द्राक्षातही असतं. तेव्हा ज्याने मिरची पिकवली त्याने तो वास ओळखला तर त्यात ढोंग नाही. आणि थापांचं म्हणाल, तर 2001 साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा एक प्रयोग आहे. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली, तर त्यांनी लाल वाइनचे वास लिहून दिले. शिकलेलं नाकही डोळ्यांचं ऐकतं. मग तात्यांनी एवढं बुजायचं कारण काय? "मला चिंचेसारखी आंबट लागली" हे मत पूर्ण वैध आहे, आणि बहुतेक वेळा खरंही.

जास्त गंभीर आक्षेप वेगळा आहे. तुकोबांची पालखी पाटसहून हाच रोटी घाट चढून बारामतीकडे जाते. अशा वाटेवर दारूचा कारखाना कसला दाखवता? शिरूर ओलांडून नगर जिल्ह्यात गेलं की राळेगणसिद्धी. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा अण्णा हजाऱ्यांनी तिथूनच उपोषणाचा इशारा दिला होता. या आक्षेपाची टिंगल मी करणार नाही; दारूने घरं बसलेली या पट्ट्याने पाहिली आहेत. शेतकऱ्याचं भलं म्हणून वाइन, हा सरकारी युक्तिवादही तात्यांना फार पटत नाही, आणि ते योग्यच. पण उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, हे कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचताना कोणाला खटकत नाही आणि द्राक्षाच्या बाबतीत मात्र एकदम संस्कृती आठवते, हेही गमतीचं आहे. शिवाय वाइनरी पाहायला वाइन प्यावीच लागते असं कुठे आहे? पिणं हा त्या भेटीतला सगळ्यात छोटा भाग.

निघताना तात्या दुकानात सगळ्यात जड बाटली उचलतात. "जुनी आहे ना?" एवढंच विचारतात, कारण दारू जितकी जुनी तितकी भारी हे त्यांनी सिनेमातून घेतलंय. बहुतेक वाइन, पांढरी तर नक्कीच, दोन-तीन वर्षांत संपवायची असते. ती आधी एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत शिजते, मग घरी बैलगाडा शर्यतीच्या ढालीशेजारी शोकेसमध्ये उभी राहते आणि "लेकानं आणलीय" म्हणून पाहुण्यांना दाखवली जाते. उघडत कोणी नाही.

या सगळ्यात काकूंचा उल्लेख राहिला. काकू पीत नाहीत, म्हणून टेस्टिंगच्या वेळी त्यांना आंब्याचा रस देऊन बाजूला बसवतात आणि मुलाला वाटतं आईला कंटाळा आला. पण आयुष्यभर लोणची, कुरडयांचा चीक आणि विरजण सांभाळलेली बाई आंबवण्याच्या कारखान्यात कंटाळेल कशी? टाक्यांजवळून जाताना त्या विचारतात, "एवढ्या मोठ्या टाक्या धुता कशानं? आणि सालीचा चोथा कुठं टाकता?" वाइन करण्यातला निम्मा वेळ धुण्यातच जातो हे आत काम करणाऱ्याला ठाऊक असतं, आणि पाहुण्यांपैकी ते कोणी विचारत नाही. तो कामगार पाइप खाली ठेवतो, चोथ्याचं खत कसं करतात ते सांगतो, झाकण काढून आंबवणीचा वास घ्यायला बोलावतो, पण तोंड फार आत घालू नका, वायू असतो, असंही बजावतो. तात्या तेव्हा लाकडी पिंपांसमोर फोटोसाठी उभे असतात, आणि जावई त्यांना ग्लास दांडीला कसा धरायचा ते शिकवत असतो.