ट्रॅक्टर फिरवायची सोय नाही

एआयला म्हणा, 'कुसुमाग्रजांची पावसावरची एक कविता दे.' लगेच देतं. यमकं जुळलेली, शेवटी आशेचा किरण, खाली नाव कुसुमाग्रज. तात्यासाहेबांनी, म्हणजे खुद्द कुसुमाग्रजांनी, ती लिहिलेली नसते, एवढीच काय ती उणीव. कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम लेखकाला आपल्या लेखनावर नाव सांगायचा आणि त्याची मोडतोड थांबवायचा हक्क देतं. न लिहिलेलंच कुणी नावावर चढवलं तर काय, यावर कलम गप्प.

यंत्राला बोल लावण्याआधी आपले व्हॉट्सॲप गट आठवा. पुलं, विंदा, कुसुमाग्रज यांच्या नावावर आपण मरणोत्तर जे वाङ्मय जमा केलंय, ते त्यांनी हयातीत लिहिलं असतं तर प्रकाशकच दमले असते. एआय त्याच शाळेत शिकलं.

खऱ्या कवितांचा हिशेब मात्र चोख आहे. तात्यासाहेब १० मार्च १९९९ रोजी गेले. म्हणजे ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत हक्क शाबूत. तोवर एखाद्या मंडळाला स्मरणिकेत अख्खी कविता छापायची तर रीतसर परवानगी मागावी लागते. इंटरनेटवर दिसेल ते उपसणाऱ्या कंपन्या कवीच्या निधनाची तारीख तपासत बसल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेतले लेखक कोर्टात गेले. अँथ्रॉपिक कंपनीने चोरट्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तकं उतरवून घेतली होती. न्यायाधीश म्हणाले, पुस्तकांवर यंत्र शिकवणं चालेल, चोरीच्या प्रती साठवणं चालणार नाही. २०२५ साली दीड अब्ज डॉलरवर तडजोड झाली. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर, म्हणजे अडीच लाखांच्या वर. एखाद्या मराठी कवीने मनातल्या मनात आपल्या संग्रहांची संख्या गुणून पाहिली असेल तर पुसून टाकावी. तडजोडीच्या यादीत बसायला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंद लागत होती. आपल्या कायद्यात नोंदीची सक्ती नाही, लिहिलं की हक्क मिळाला. म्हणून आपला लेखक निर्धास्त असतो. जरा जास्तच.

आता दिल्ली. एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयवर लावलेला दावा २०२४ पासून दिल्ली उच्च न्यायालयात आहे. दरम्यान केंद्राच्या उद्योग खात्याच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक तोडगा मांडला. कंपन्यांना सरसकट परवाना. लेखकाला 'नको' म्हणायची मुभा नाही. कंपनीच्या कमाईतला वाटा एका मध्यवर्ती संस्थेकडे जमा होणार आणि तिच्यामार्फत हक्कदारांपर्यंत झिरपणार. दर ठरवायला सरकारने नेमलेली आणखी एक समिती.

लासलगावच्या बाजार समितीत कांदेवाल्याचं काय होतं ते नाशिक जिल्ह्याला सांगायला नको. तरी तिथे लिलाव असतो. बोली पटली नाही तर गडी ट्रॅक्टर फिरवून माल घरी नेतो. चिडून नेतो, डिझेल जाळून नेतो, पण नेतो. कवीला ट्रॅक्टर फिरवायची सोयच ठेवलेली नाही. माल केव्हाच गेला, भाव मागाहून कळवू, आणि पैसे मिळतील ते पावती असली तर.

मेख त्या पावतीत आहे. 'पाचशे प्रती काढू, पंचवीस तुम्हाला' एवढ्या बोलीवर आपल्याकडे संग्रह निघतात, पुष्कळदा कवीच्याच खर्चाने. डिजिटल हक्क कुणाचे, हे तिथे कोण लिहून ठेवतो? पैसे येणार म्हटल्यावर प्रकाशक म्हणेल माझे, मुलगा म्हणेल माझे, पुतण्या वकील घेऊन येईल. वामनदादा कर्डकांचं घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस गाणी रचत गावोगाव हिंडला, २००४ साली गेला. गाणी गायकांच्या तोंडी राहिली, वह्यांत राहिली, कॅसेटींत गेली, आता यूट्यूबवर आहेत, कधी नावासकट, कधी नावाशिवाय. त्यांवर यंत्र मराठी शिकलं तर वाटा कुणाच्या खात्यात? बहुधा ज्याने चॅनल उघडलं त्याच्या.

ज्यांच्याकडे पुस्तकही नाही, नुसती बोली आहे, त्यांच्यासाठी केंद्राच्या भाषिणी प्रकल्पाने 'भाषादान' काढलंय. आपण वाक्यं वाचायची, आवाज द्यायचा, दुसऱ्याचा तपासायचा. मराठी माणसाने मराठी जिथे अर्पण करायची त्या खिडक्यांवरच्या पाट्या आहेत 'बोलो इंडिया', 'सुनो इंडिया', 'लिखो इंडिया'. अभिजात दर्जाचा हा पहिला लाभ समजावा. दात्याला बक्षीस म्हणून बॅज मिळतो.

पैसे देऊन हेच काम होतं, हे इथे मराठीतच करून दाखवलेलं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब खेडूत, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं मोबदला देऊन गोळा केलं. गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड निघालं. संशोधकांना हे मुद्दाम सिद्ध करावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

पुस्तकांतली मराठी उपसून झाली की यंत्रांची पाळी बोलींवर येणार. मालेगाव, सटाणा, कळवणकडची अहिराणी कागदावर फार उतरलेली नाही, म्हणजे ती उपसता येणार नाही, मागावीच लागेल. सटाण्याच्या आठवडे बाजारात भाजी विकून जन्म काढलेल्या बाईसमोर मग कुणीतरी फोन धरून बसेल. तिला बॅज दाखवून बघा.