निर्णय आधी, तुलना नंतर : मुंबई-नागपूर प्रवासाची शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

नागपूरला लग्न निघाले, की मुंबईतल्या नातेवाइकांच्या घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : रेल्वेने जायचे की विमानाने? या विषयावर वाद उदंड झाले, पण पद्धतशीर लेखन झाले नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. पुढील पायऱ्या नीट पाळल्यास कोणालाही दोन्ही साधनांची निःपक्षपाती तुलना करता येईल, आणि तीही आपल्याला हव्या त्याच निष्कर्षावर येऊन थांबेल.

पूर्वतयारी : तिकीट काढून ठेवा

तुलनेला बसण्यापूर्वी तिकीट हातात असावे. निष्कर्ष ठाऊक नसताना तुलना करायला घेणाऱ्यांचे फार हाल होतात.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडे. तेवढ्या अवधीत एक साखरपुडा मोडून दुसरीकडे जमला, तरी तिकीट तेच चालत असे. आता पत्रिका उशिरा हातात पडली, तर उरते तत्काळ. प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा वाजता, आधार जोडलेले खाते उघडून घरातल्या सर्वांत चपळ बोटांच्या भाच्याला बसवावे. ओटीपी येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलू नये. भाचा अपयशी ठरल्यास विमानाचे तिकीट काढावे आणि ‘आम्ही पहिल्यापासून विमानवालेच’ असे जाहीर करावे.

पायरी १ : घड्याळ कुठे सुरू करायचे ते ठरवा

निम्मा निकाल इथेच लागतो. विमानाच्या बाजूने असाल, तर चाके धावपट्टी सोडतात तेव्हा घड्याळ सुरू करावे आणि ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर टेकताच बंद करावे. उत्तर दीड तासाच्या आसपास येते. त्याआधीची टॅक्सी, टी-१ की टी-२ यावरून टॅक्सीत झालेले भांडण (नवी मुंबईच्या विमानतळामुळे या भांडणाला आता तिसरी बाजूही मिळाली आहे), उड्डाणाच्या तासभर आधी बंद होणारा सामानाचा काउंटर, पट्टा काढा, पट्टा घाला, पंचवीस मिनिटे आधी बंद होणारे गेट, हे सगळे ‘तयारी’ या सदरात टाकावे. तयारी प्रवासात धरत नाहीत.

रेल्वेच्या बाजूने असाल, तर विमानाचे घड्याळ आदल्या रात्री गजर लावला तिथून सुरू करावे. विमानाला सहज सात-आठ तास लागतात. मग दुरांतो एक्स्प्रेस घ्यावी. रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, सकाळी सातनंतर नागपूरला पोचवते. तास झाले अकरा. त्यातले आठ झोपेचे. झोप तर घरीही घेतलीच असती, म्हणून ते वजा. राहिले तीन. सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर अंतर तीन तासांत! हा वेग थेट जपानच्या तोडीचा आहे, हे आवर्जून सांगावे.

पायरी २ : पैसे मोजा, पण सगळे नको

दुरांतोचे भाडे स्थिर असते असे ज्येष्ठ मंडळी मानतात. त्यांना २०१६च्या सप्टेंबरपासून लागू झालेली फ्लेक्सी भाडेपद्धत समजावून सांगू नये. दर दहा टक्के जागा भरल्या, की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढते आणि ठरलेल्या मर्यादेवर जाऊन थांबते. विमानाचे भाडे असेच चढते, पण ते थांबते कुठे हे जाहीर केलेले नसते. मार्च २०२० पासून रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद आहे. तरीही ‘आमचं तर अर्ध्या तिकिटात होतं’ हे वाक्य चर्चेत येईलच. ते अदबीने ऐकून घ्यावे.

विमानवाल्याने तिकिटाच्या आकड्यात खिडकीच्या जागेचे, खाण्याचे आणि टॅक्सीचे पैसे मिळवू नयेत. रेल्वेवाल्याने हमाल, चहा, दुसरा चहा आणि इगतपुरीचे वडे धरू नयेत. दोघांचेही आकडे गोंडस राहतात आणि वाद बरोबरीत सुटतो.

पायरी ३ : सामानाचे वजन

विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलो सामान पोटात आणि सात किलो हातात, असा नेम आहे. रेल्वेत एसी थ्री टियर आणि स्लीपरला ४० किलोंपर्यंत मोफत, आणि ते तोलायला सहसा कोणी येत नाही. जाताना हा फरक जाणवत नाही. परतताना जाणवतो, कारण नागपूरकर पाहुण्याला मोकळ्या हाताने पाठवत नाही. संत्री, संत्रा बर्फी, घरची तूरडाळ, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, वर आहेराच्या साड्या.

काउंटरवरच्या काट्याने १८.६ दाखवल्यावर गोंधळून न जाता पुढील कृती करावी. बॅग रांगेसमोरच जमिनीवर आडवी उघडावी. मागच्या लोकांनी नजर वळवल्यासारखे करून आत पाहावे, ही त्यांची जबाबदारी. तूरडाळीची पिशवी पर्समध्ये जाते. स्वेटर अंगावर चढतो, बाहेर मे महिना असला तरी. काकूंची जरीची साडी काकांच्या जाकिटाच्या आत जाते आणि काका एकदम सुखवस्तू दिसू लागतात. कुरडया मात्र कुठेच मावत नाहीत. त्या हातात धराव्यात आणि कोणी विचारल्यास ‘नाजूक वस्तू आहे’ असे म्हणावे, जे खरेच आहे. पुन्हा काटा : १५.२. काउंटरवरची मुलगी हसते. तिने ही संपूर्ण कृती सकाळपासून अनेकदा पाहिलेली असते.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते हे विसरलेले असल्यास वरील कृती पुन्हा पहिल्यापासून करावी.

पायरी ४ : खाणे

या पायरीवर रेल्वे जिंकते, त्यामुळे विमानवाल्यांनी ती वगळावी.

रेल्वेत डबा केव्हा उघडायचा याचे संकेत ठरलेले आहेत. दादरला उघडणारा उतावळा, कल्याण ओलांडून उघडणारा समंजस. धपाटे, लसणाची चटणी आणि कागदात गुंडाळलेला कांदा बाहेर आला, की अख्ख्या बोगीत वास पसरतो आणि समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना आपलाही डबा आठवतो. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, कारण थळघाटाचा चढ १:३७ आहे आणि पुढचे एकटे इंजिन तो ओढू शकत नाही. या थांब्याला ‘निसर्गसौंदर्य’ म्हणावे. बाहेर मिट्ट काळोख असतो आणि एसीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, हा तपशील गाळावा. विदर्भ एक्स्प्रेसने गेल्यास शेगाव अपरात्री येते. तिथली कचोरी खाण्यासाठी जो उठतो तो पट्टीचा रेल्वेवाला. जो झोपून राहतो आणि सकाळी ‘खाल्ली मी कचोरी’ म्हणतो, तो नेता होण्याच्या लायकीचा.

पायरी ५ : उशीर

उशीर दोन्हीकडे होतो, फरक सन्मानाचा आहे. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि आपण प्रवास केलाच नाही, तर टीडीआर हा परताव्याचा अर्ज भरून पूर्ण पैसे परत मागता येतात. एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर कंपनीने अल्पोपाहार द्यावा असा नियम आहे. सारांश, रेल्वे म्हणते ‘येऊ नका, पैसे घ्या’ आणि विमान म्हणते ‘थांबा, सँडविच घ्या’. आपल्या स्वभावानुसार निवड करावी.

पायरी ६ : सहप्रवासी

रेल्वेत कल्याणपर्यंत आपले गाव, इगतपुरीपर्यंत मुलाचे शिक्षण आणि मनमाडपर्यंत त्याचा पगार विचारून होतो. विमानात शेजारचा मनुष्य हाताच्या टेकणीसाठी दीड तास कोपराने मूक लढाई करतो. पहिल्याला आपुलकी म्हणावे की आगाऊपणा, दुसऱ्याला शांतता म्हणावे की माणूसघाणेपणा, हे आपले तिकीट पाहून ठरवावे. आरएसीवाल्यांना ही पायरी लागू नाही. एका साइड लोअरवर दोघे समोरासमोर बसून रात्र काढतात, तेव्हा पाय कोणाचे कुठे हा प्रश्न सकाळपर्यंत सुटलेला नसतो, पण ओळख कायमची झालेली असते.

पायरी ७ : हरत असाल तर इतिहासात शिरा

रेल्वेवाल्याने सांगावे की १८६७ मध्येच नागपूरला आगगाडी पोचली होती, तेव्हा राइट बंधूंपैकी धाकट्याचा जन्मही व्हायचा होता. विमानवाल्याने उत्तर द्यावे की १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरलाच जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. या वाक्याने नागपूरकर यजमान विरघळतो आणि ‘झिरो माइल उगीच इथं आहे का?’ असे विचारून आपल्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढतो. पोळी येताच वाद थांबवावा.

अपवाद : समृद्धीवाला

मांडवात एक चुलतभाऊ गाडीची किल्ली फिरवत उभा असेलच. ‘काऊन भाऊ, रेल्वे आणि विमान कायले? समृद्धीनं आठ तासांत आलो मी.’ समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, त्यामुळे त्याला खोटे पाडता येत नाही. त्याच्याशी वाद घालू नये. फक्त घड्याळ कुठे सुरू केले एवढे विचारावे. महामार्गाच्या मुंबईकडच्या टोकाला, आमणेच्या टोलनाक्यावर, असे उत्तर येईल. दहिसरहून आमणेपर्यंत ठाणे-भिवंडीच्या वाहतुकीत काय झाले, ते ‘तयारी’त गेलेले असते. त्याने ही मार्गदर्शिका न वाचताच आत्मसात केली आहे, असे समजून त्याच्या पाठीवर थाप मारावी. आणि तूरडाळ, कुरडया व संत्र्यांची पेटी परतीला त्याच्याच डिकीत टाकावी.